एनसीसी फक्त सैन्यात जाणाऱ्यांसाठी नाही

मुलांना एनसीसीत (राष्ट्रीय छात्र सेनेत) घालायचं म्हटलं की दोन आक्षेप येतात: दहावीचा अभ्यास बुडतो, आणि सैन्यात जायचं नसेल तर एनसीसी कशाला?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शाळेतला ज्युनियर डिव्हिजनचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा असतो. आठवीत नाव घातलं की नववीअखेर 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा देऊन मूल मोकळं होतं.

दुसऱ्याबद्दल मात्र मला तळमळीने सांगायचंय. एनसीसी केल्यावर सैन्यात जायचं कुठलंही बंधन नसतं. माझी भाची वर्गात तोंड उघडत नसे. तिला स्क्वाडसमोर उभं करून "दाहिने मुड़" म्हणायला लावलं. पहिल्यांदा मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही, निम्मी मुलं तशीच उभी! सरांनी न रागावता पुन्हा म्हणायला लावलं. वर्षभरात तीच मुलगी मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी कमांड द्यायला लागली. कॅम्पमध्ये तर अनोळखी शाळांतल्या मुलींबरोबर एका तंबूत राहायचं, आपलं ताट आपण घासायचं, होकायंत्र घेऊन नकाशावरची जागा शोधायची. पॉइंट टू टूची रायफल हाताळायला मिळते ते वेगळंच.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी कॉलेजात 'बी', 'सी' करावं. 'सी' असलेल्या पदवीधरांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीच्या (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) मुलाखतीपर्यंत जाता येतं.

एक खरं, काही शाळांत सगळं 26 जानेवारीच्या संचलनापुरतंच उरतं. म्हणून नाव घालण्याआधी एनसीसीच्या शिक्षकांना भेटा, गेल्या वर्षी किती मुलं कॅम्पला गेली ते विचारा. जागा मोजक्याच असतात, शाळा सुरू होताच चौकशी करा.