प्रसिद्धी आधी, कर्तृत्व मागाहून?

शनिवारपेठी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो असताना समोरच्या फ्लेक्सवरचे चेहरे मोजले. मध्यभागी वाढदिवस असलेला तरुण, गळ्यात सोन्याचा गोफ आणि डोळ्यांवर काळा चष्मा. वरच्या पट्टीत महापुरुष आणि पक्षाचे नेते. तळाशी तीन ओळींत चौतीस 'शुभेच्छुक', त्यांतल्या शेवटच्या ओळीतले चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे. हा तरुण कोण, तो काय करतो, याचा त्या सबंध फलकावर कुठेही पत्ता नव्हता. नावाआधी 'कार्यसम्राट' एवढेच होते.

माझे म्हणणे असे, की कर्तृत्व आणि प्रसिद्धी यांचा क्रम आपल्याकडे उलटा झाला आहे. माणूस काही करत असे, ते भोवतालच्यांना दिसत असे आणि त्यांच्या तोंडून त्याचे नाव पसरत असे. मराठीत याला लौकिक म्हणतात, आणि त्या शब्दात लोक आहेत. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत वक्ता कितीही नावाजलेला असला तरी श्रोत्यांसमोर उभे राहून त्याला बोलावेच लागे, आणि बोलण्यात काही नसले तर ते तिथल्या तिथे सर्वांना कळे. आज नाव आधी पसरते आणि ते कशासाठी पसरले, हे शोधण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

हे केवळ पुण्याचे रडगाणे नव्हे. लिओ लोवेन्थाल या समाजशास्त्रज्ञाने १९४४ साली अमेरिकी साप्ताहिकांतल्या चरित्रलेखांची तुलना प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी हे लेख मुख्यतः राजकारणी, उद्योजक आणि व्यावसायिक यांच्यावर असत. १९४०च्या सुमारास करमणूक आणि खेळ यांतल्या मंडळींनी त्यांना बरेच मागे सारले होते, आणि ही मंडळी काय करतात यापेक्षा काय खातात, काय नेसतात, सुट्टी कशी घालवतात, याला महत्त्व आले होते. पुढे १९६१ साली इतिहासकार डॅनियल बूरस्टिन यांनी सेलिब्रिटीची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की प्रसिद्ध असणे हेच ज्याच्या प्रसिद्धीचे कारण आहे, तो सेलिब्रिटी. त्या फ्लेक्सखाली उभा असताना ही व्याख्या मला फारशी परदेशी वाटली नाही.

लकडीपूल

धागाकर्त्यांनी ज्या काळाचा दाखला दिला आहे, त्याच काळातल्या दोन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवतो.

पहिली बालगंधर्वांची. त्यांच्या रंगभूमीवरच्या साड्या, त्यांचा अंबाडा, गजरा आणि दागिने पाहून प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया तसाच पेहराव करू लागल्या होत्या, आणि साबणापासून टॉनिकपर्यंत अनेक वस्तू त्यांच्या छबीवर खपत होत्या. त्यांचे गाणे थोर होते, याविषयी वाद नाही. परंतु साबण विकायला गाणे लागत नाही, चेहरा लागतो. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी मुलगी गेली असतानाही बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत आपण शंभर वर्षे कौतुकाने सांगत आलो आहोत. शोकासाठी एक रात्रही मोकळी न सोडणारी प्रसिद्धी त्या काळीही होतीच. तिला 'निष्ठा' म्हटल्यामुळे ती आपल्याला सोवळी वाटते, इतकेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांच्या तोंडून लौकिक पसरत असे, ते 'लोक' नेमके कोण? १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तिथले कर्तृत्व कुणाला दिसले नाही, असे म्हणायला जागा नाही. भर पेठेत, सर्वांच्या डोळ्यांसमोर ते चालले होते. त्या डोळ्यांनी ते पाहिले आणि बदल्यात शेण-चिखल दिला. साक्षीदार जवळचे असले म्हणजे न्यायी असतात, हे धागाकर्त्यांचे गृहीतक मला मान्य नाही. वाड्यातल्या चार घरांनी ज्याला उंबऱ्यापाशीच थांबवले असते, असा एखादा मुलगा आज मोबाइलवर हलगी वाजवून लाखो लोकांपर्यंत पोचतो. त्याला प्रसिद्धी मिळण्यापूर्वी पेठेकडून दाखला आणायला सांगायचे काय?

तपकीर

दोघेही प्रसिद्धी मिळते कशी, यावर भांडत आहेत. ती एकाच ठिकाणी साठते कशी, हा प्रश्न राहूनच जातो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानाच्या क्षेत्राविषयी दाखवले, की सारख्याच कामाचे श्रेय आधीच नावाजलेल्याकडे अधिक जाते. शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली पुढची पायरी मांडली: एकाच गायकाचे गाणे अल्प खर्चात सर्वांना ऐकवता येऊ लागले, की गुणांतला थोडासा फरकही मिळकतीत प्रचंड होतो. हलगीवाल्या एका मुलाला लाखो लोक पाहतात, हे खरे; त्याच्यासारख्या उरलेल्यांना सुपारी देणारे कमी झाले, हेही त्याच हिशेबात धरावे.

मुठाकाठची

लकडीपूल यांचा फुले दांपत्याचा मुद्दा मला पटला, पण नव्या प्रसिद्धीकडे ते जरा दुरून डोंगर साजरे या नजरेने पाहत आहेत. माझी भाची नऊवारी नेसायला शिकवणारे छोटे व्हिडिओ करते. सुरुवातीला प्रतिसादांत 'ताई, फार छान' असे असायचे. मग 'आज उदास का दिसतेस', मग 'दोन दिवस कुठे होतीस', आणि एके दिवशी व्हिडिओतल्या खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवरून सोसायटी ओळखून एक गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले. ते रागावलेले नव्हते, उलट दुखावलेले होते. ती त्यांना ओळखत नाही, हेच त्यांना खरे वाटत नव्हते.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली, टीव्ही घरोघरी शिरत असताना, या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते: पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असे वाटत राहते आणि पाहणारा मनातल्या मनात ते नाते निभावत राहतो. आता प्रतिसाद लिहायची सोय झाल्यामुळे ते एकतर्फी आहे, हेही लक्षात येत नाही. अशी माणसे लाखोंनी एका रस्त्यावर उतरली की काय होते, ते ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर दिसले. 'आपल्या' क्रिकेट संघाचे स्वागत करायला आलेली ११ माणसे चेंगरून मेली.

आणि बाईच्या प्रसिद्धीचा भाव नेहमीच वेगळा असतो. स्त्रीवेश घेतलेल्या पुरुषाची प्रसिद्धी घराघरांत आदराने जात होती, त्या काळात गाणारी बाई लोकांसमोर आली की तिच्या चारित्र्याची चौकशी आधी होई. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांत हिराबाई बडोदेकरांचे नाव घेतले जाते, आणि त्यांच्या साधेपणाची, अंगभर पदराची स्तुती आजही गाण्याच्या बरोबरीने होते. पुरुष गवयाच्या अंगरख्याबद्दल इतके कुणी लिहिल्याचे मी वाचलेले नाही.

डीटीपीवाला

मी गेली अनेक वर्षे फ्लेक्सचे डिझाइन करतो, त्यामुळे धागाकर्त्यांनी मोजलेल्या चौतिसांपैकी काही चेहरे मीच कापले असण्याची शक्यता आहे. शेवटच्या ओळीत बसण्यासाठी पोरे स्वतःची वर्गणी देतात. प्रूफ व्हॉट्सॲपवर गेले की तासाभरात फोन सुरू होतात: माझा फोटो त्याच्यापेक्षा लहान का, मला कडेला का टाकले. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. तरी ज्याचे नाव दारावरच्या पाटीवरही नाही, कारण घर भाड्याचे आहे, त्याला वर्षातून एकदा आपल्या चौकात आपला चेहरा दिसावा असे वाटले, तर त्याला मी हसत नाही.

गेल्या वर्षी दहावीच्या निकालानंतर धुणीभांडी करणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. मुलाचा फ्लेक्स करायचा होता, चार बाय तीनचा, वस्तीच्या तोंडाशी लावायला. गुण ८७.४० टक्के. अक्षरे मोठी बसावीत म्हणून मी ८७ टक्के एवढेच टाकतो म्हणालो, तर त्या कबूल होईनात. मग ८७.४ वर आलो, तरी नाही. गुणपत्रिका समोर धरून म्हणाल्या, इथे आहे तसे पाहिजे. शुभेच्छुक म्हणून त्यांनी स्वतःचे नावही घातले नाही. 'समस्त गल्ली' असे लिहायला सांगितले.

शनिवारपेठी

फुले दांपत्याविषयीचा आक्षेप मी मान्य करतो. जवळचे साक्षीदार न्यायी असतातच असे नाही, आणि लौकिकाची माझी व्याख्या त्यामुळे दुबळी ठरते. परंतु त्यांच्या बाबतीत कर्तृत्व होते आणि ते नाकारणारे खोटे ठरले. हे ठरवता आले, कारण पडताळण्यासारखे काहीतरी समोर होते. माझी तक्रार त्या 'काहीतरी'च्या गैरहजेरीबद्दल आहे. कायद्यालाही हा धोका दिसलेला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण आधी खातरजमा केली होती, हे दाखवता आले तर मात्र तो सुटतो. म्हणजे चेहऱ्याने आपल्या शब्दामागे काय आहे ते पाहावे, एवढी अपेक्षा साबणाच्या बाबतीत आहे. चौकातल्या फलकाला ती लागू नाही.

डीटीपीवाले यांना एकच विचारतो. 'कार्यसम्राट' लिहिताना कोणते कार्य, असे आपण गिऱ्हाइकाला कधी विचारता का?

डीटीपीवाला

विचारत नाही. संगणकात एक फाइल तयार असते, तिच्यात 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान', 'धडाडीचे नेतृत्व', 'दीनदुबळ्यांचा आधारस्तंभ' असे सगळे आहे. गिऱ्हाईक सांगते, यातले बसेल ते टाका. आणि बसणे म्हणजे जागेत बसणे. आडनाव लांब असले तर 'आधारस्तंभ' मावत नाही, मग तो माणूस 'कार्यसम्राट' होतो. त्या बाईंनी मात्र ८७.४० मधला शून्य काढू दिला नाही.