मदत हवी आहे : सांगलीत लिव्हिंग विल कुठे जमा करायचं?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) कुणी जमा केलंय का? कोणत्या विभागात घेतात, शिक्क्याची पोच मिळते का?

मसुदा सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या सुधारित नियमांप्रमाणे आहे: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं. घोळ होतो तो मोघम भाषेमुळे. ‘उगाच हाल नकोत’ एवढ्यावर डॉक्टर काय करणार? व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातली नळी, छाती दाबणं, प्रत्येकाचं हो-नाही वेगळं लिहायला हवं. पुढे वेळ आली की उपचार थांबवायचे का, यावर तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं शक्यतो 48 तासांत मत देतात. वेदनाशामक मात्र बंद होत नाहीत, हे घरच्यांना आधीच नीट सांगा, भीती तिथेच असते.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. आपल्याकडे जैन घरं बरीच. सल्लेखनेवर (अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारणं) राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट 2015 मध्ये घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात स्थगित केली. पण ते व्रत आहे, जैन मुनी महाराजांच्या अनुज्ञेने घ्यायचं; लिव्हिंग विल म्हणजे उपचार नाकारण्याचा कागद. आजारी माणसाला दोन्ही हवं असेल, तर व्रताचा उल्लेख याच कागदात करावा की वेगळा ठेवावा? अनुभवी वकील किंवा पॅलिएटिव्ह केअरवाल्यांनी (गंभीर आजारात त्रास कमी करणारी सेवा देणाऱ्यांनी) कृपया सांगावं.