लॉबीतल्या फिशटँकचं प्लाय पार्किंगमध्ये भिजतंय

सी-१०१ अण्णा: पार्किंगमध्ये खांबाला टेकवून प्लायच्या दोन शीट कोणी ठेवल्यात? परतीचा पाऊस चालू आहे, खालची कड ओली झालीय. गाडीचं दार पण पूर्ण उघडत नाही.

बी-२०४ दादा: अण्णा, लॉबीत प्लायचा फिशटँक बनवतोय ना, त्याच्या आहेत. मीटिंगमध्ये ठरलं होतं ना. संध्याकाळी हलवतो.

सी-१०१ अण्णा: टँक ठरला होता. माझं पार्किंग द्यायचं ठरलं नव्हतं.

ए-४०१ वहिनी: हलवाल तेव्हा उभ्या नका ठेवू. टेकवलेली शीट पोटातून वाकते, मग पेटी काटकोनात बसत नाही. तीन रिपांवर आडव्या ठेवा, वरून ताडपत्री, पण बाजू उघड्या. ओली कड पूर्ण वाळल्याशिवाय इपॉक्सीला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाला, हात लावू नका.

सी-३०२ काकू: वजनाचं कोणी लेखी देणार आहे का? लॉबीची लादी बसली तर खर्च कोणाचा?

ए-२०३: सुरमई सोडा त्यात. मार्गशीर्ष संपेपर्यंत तयार 😄

बी-१०४: मग पापलेट पण!

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहावे. दादा, माप परत एकदा टाका, सगळ्यांना कळू दे.

बी-२०४ दादा: बाहेरून ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. १९ एमएम मरीन प्लाय, आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घेतलंय. एका ८ बाय ४ शीटमध्ये तळ, पाठ आणि दोन्ही बाजू निघतात: ६ बाय २ चे दोन, उरलेल्यातून २ बाय २ चे दोन. करवतीचं पातं ३ एमएम खातं, म्हणून सुताराला २४ इंच भरून मागायचे नाहीत, सगळे तुकडे सारखे पाव इंच कमी. दुसऱ्या शीटमधून पुढची चौकट आणि वरच्या पट्ट्या.

बी-१०३ भाऊ: एवढ्या उपद्व्यापापेक्षा सरळ काचेचा घ्या की.

बी-२०४ दादा: चार फुटांपर्यंत काचेचाच परवडतो भाऊ, तिथे प्लायच्या वाटेला जाऊ नये. सहा फुटांना पाचही बाजू जाड काचेच्या म्हटल्या की वजन आणि भाव दोन्ही चढतात. यात काच फक्त समोर.

सी-३०२ काकू: वजनाचं लेखी कोण देणार? दुसऱ्यांदा विचारतेय.

ए-४०१ वहिनी: काकू, हिशेब देते. पाणी वरून दोन-अडीच इंच कमी भरलं की साधारण ५५० लिटर, म्हणजे ५५० किलो. प्लाय, काच, वाळू, दगड धरून ७०० च्या आसपास. जागा १२ चौरस फूट. चौरस मीटरला सव्वासहाशे किलो झाले. राहत्या घराचा स्लॅब माणसं-सामानाच्या चौरस मीटरला २०० किलो चालत्या भाराला धरतात. म्हणून वरच्या कुठल्याही मजल्यावर हा टँक नको, कोणी मागितला तरी. तळमजल्याची लादी भरावावर आहे, तिथे चालेल. फक्त खाली पाण्याची टाकी नको.

सेक्रेटरी: टाकी गेटजवळ आहे. लॉबीखाली काही नाही.

सी-१०१ अण्णा: आणि गणपतीला मखर कुठे मांडायचं? दरवर्षी त्याच भिंतीला असतं.

बी-१०४: अण्णा, मखर जिन्याखालच्या भिंतीला मांडा म्हणतायत.

सी-१०१ अण्णा: तिथे चपलांचं कपाट आहे. ते कोणाचं आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी: कपाटाचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

बी-१०३ भाऊ: बरं, प्लायचाच करायचा तर इपॉक्सीवर पैसे का घालताय? मिरकरवाडा बंदरात फायबरच्या होड्यांवर पॉलिस्टर रेझिनच मारतात. समुद्रात टिकतं ते लॉबीत टिकेल की.

ए-४०१ वहिनी: भाऊ, ती होडी अख्खी फायबरचीच असते, लाकडाला चिकटवलेली नसते. पॉलिस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही. प्लाय जरा फुगलं-आकसलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि पाणी मागे शिरतं. दुसरं, होडीवाले वापरतात ती चटईसारखी मॅट पॉलिस्टरसाठी असते. तिच्यातले धागे धरून ठेवणारा बाइंडर रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट कडकच राहते. आपल्याला विणलेलं ग्लास क्लॉथ हवं, ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सगळ्या आतल्या सांध्यांवर.

बी-१०३ भाऊ: होडीचा कारागीर बोलावणार असाल तर हात त्याचाच बसलेला असतो.

ए-४०१ वहिनी: बोलवा की, कापड बसवायला त्याच्यासारखा कोणी नाही. फक्त हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग, त्याला अंदाजाने घालू देऊ नका. पॉलिस्टरमध्ये कमी-जास्त करून वेळ जुळवतात. इपॉक्सीत डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण, काट्यावर तोलून. जास्त घातला तर लवकर सुकत नाही, कायमचा चिकट राहतो. आपल्याकडच्या उकाड्यात एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. मगमध्ये ठेवलं तर तो हातात धरवत नाही इतका तापतो आणि माल तिथेच दगड होतो.

सी-३०२ काकू: लादीचं कळलं. पण लेखी?

बी-२०४ दादा: वहिनी, इपॉक्सीचे हात किती?

ए-४०१ वहिनी: आतून तीन, बाहेरून दोन. सांध्याच्या कापडासकट पाच-सहा किलो लागेल. थिनर अजिबात नको, तो उडून गेला की सुईच्या टोकाएवढी भोकं ठेवतो. आणि पहिला हात दुपार उतरल्यावर मारा. सकाळी मारला तर प्लाय तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, ते उलट रेझिन आत ओढून घेतं.

ए-२०३: मरीन प्लायला एवढं कशाला? नावातच मरीन आहे 😀

ए-४०१ वहिनी: मरीन म्हणजे आतला गोंद उकळत्या पाण्यात सुटत नाही. लाकूड पाणी पितंच. शिवाय वाळवी लागू नये म्हणून त्याला औषध मारलेलं असतं, त्यात तांबं असेल तर कोळंबी आणि गोगलगाय पहिल्या मरतात. थर कुठेही उघडा राहिला तर दोन्हीकडून नुकसान.

सेक्रेटरी: काम कधी धरायचं? दिवाळीआधी झालं तर बरं दिसेल.

ए-४०१ वहिनी: पाऊस पूर्ण जाऊ दे. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा तेलकट थर येतो, त्यावर पुढचा हात चिकटत नाही. नोव्हेंबरमध्येसुद्धा दोन हातांच्या मध्ये साध्या पाण्याने घासणीने धुवा, वाळवा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर.

सी-१०१ अण्णा: म्हणजे नोव्हेंबरपर्यंत शीट माझ्याकडेच.

सेक्रेटरी: अण्णा, आज मीटर रूममध्ये हलवतो.

ए-४०१ वहिनी: मीटर रूममध्ये प्लाय आणि रेझिन नको हो, आगीला आमंत्रण. क्लब रूम कोरडी आहे.

सी-३०२ काकू: लाईटबिल पण कॉमन मीटरवर येणार ना? तेही लेखी द्या, वजनाबरोबर.

बी-२०४ दादा: काकू, ४० वॉटचा पंप दिवसरात्र, ३० वॉटचा दिवा आठ तास. दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३६. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. ३० एमएचा ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवतोय, आणि वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून वर नेणार, म्हणजे पाणी वायरवरून प्लगमध्ये उतरणार नाही.

सी-३०२ काकू: ठीक. सहीनिशी द्या.

बी-१०४: चौथ्यांदा 🙏

सेक्रेटरी: काकूंचा मुद्दा रास्त आहे. मी पत्र करतो, सोसायटीच्या इंजिनिअरची सही घेतो.

बी-१०३ भाऊ: काच बाहेरून ठोकणार की आतून?

बी-२०४ दादा: आतून. समोरच्या बाजूवर पाणी अडीचशे किलोच्या आसपास रेटा देतं. आतून लावली तर तोच रेटा काचेला चौकटीवर दाबतो. चौकट चारी बाजूंनी ४ इंच, खिडकी ६४ बाय १६. स्क्रू स्टेनलेसचे, दोन इंची, दर चार इंचांवर, आधी भोक पाडून. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजून फुगतात.

बी-१०३ भाऊ: आणि वरच्या पट्ट्या? त्या आधी ठोकल्या तर काच आत कशी नेणार?

ए-४०१ वहिनी: बरोबर पकडलंत भाऊ. मधली आडवी पट्टी तर नकोच आधी. पेटी उघडी ठेवून आतले तिन्ही हात, आठवडाभर पूर्ण सुकू दे, पेटी तोंडावर पालथी घालून काच. काचेखालची इपॉक्सी घासून खरबरीत करा. काच चिकटवायला सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं साधं, बुरशीरोधक बाथरूमचं चुकूनही नको, त्यातलं औषध माशांना विष आहे. काच आणि चौकटीच्या मध्ये तीन एमएमचे तुकडे ठेवा, नाहीतर काचेच्या वजनाने सगळं सिलिकॉन बाहेर येतं. आणि वरच्या कडांना आधीच मास्किंग टेप. सिलिकॉनचा हात लागलेल्या जागी इपॉक्सी धरत नाही, मग पट्ट्या चिकटणार नाहीत.

बी-१०३ भाऊ: माझ्या ओळखीचा काचवाला आहे. माप द्या.

बी-२०४ दादा: ६८ बाय २०, १२ एमएम, साधी, टफन (तापवून कडक केलेली) नको. चारी कडा पॉलिश. पण चौकट कापून झाल्यावरच ऑर्डर द्या भाऊ, खिडकी प्रत्यक्ष मोजून प्रत्येक बाजूला दोन इंच वाढवून.