'अटकेदरम्यान', 'कोठडीत' की 'ताब्यात'? एका मृत्यूच्या बातमीतले शब्द

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून प्रश्न: समजा, एखाद्याला पकडताना झटापट झाली. गाडीत घालताना तो कोसळला आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केलं. बातमीत काय लिहायचं? कोठडीचं दार त्यानं बघितलंच नाही, मग 'कोठडीतील मृत्यू' कसा म्हणायचा? 'अटकेदरम्यान' म्हणावं, तर अटकेचा कागदच झालेला नाही. आणि 'अकस्मात मृत्यूची नोंद' वाचलं की चक्कर येऊन पडल्यासारखं वाटतं.

शाहूपुरीतून: आपल्याकडं लोक सरळ 'उचलला' म्हणतात. कोण उचलणारा आणि कोण उचलला गेलेला, दोघंही त्यात दिसतात. छापायला चालणार नाही, पण 'चौकशीसाठी बोलावलं होतं' यापेक्षा प्रामाणिक आहे.

कसबा बावड्यातून: दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'ताबा' या शब्दात आहे. मी वकिली करतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

कायद्यातल्या 'कस्टडी'ला सरकारी मराठीत 'अभिरक्षा' म्हणतात. वर्तमानपत्रांनी तिची 'कोठडी' केली आणि तिथं भिंती आल्या. मग वाद सुरू होतो तो माणूस भिंतीच्या आत होता की बाहेर, याचा. खरा प्रश्न एवढाच असतो, की त्या क्षणी त्याचं शरीर कुणाच्या हातात होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1980 च्या निरंजन सिंग निकालात ताब्याचा अर्थ शरीरावरचं नियंत्रण असाच घेतला आणि 'ताब्यात घेतलं पण अटक केली नाही' यासारखी शब्दांची कसरत फटकारली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्येही पोलिसांच्या ताब्यातला मृत्यू म्हटलंय, लॉकअपमधला नव्हे. त्यात न्याय दंडाधिकाऱ्यानं चौकशी करायची असते. तो मृत्यू 'कोठडीबाहेरचा' म्हणून नेहमीच्या अकस्मात मृत्यूच्या वाटेवर ढकलला, तर तपास पुन्हा पोलिसांच्याच हातात जातो.

'अकस्मात मृत्यू' ही निव्वळ नोंदीची वर्गवारी आहे. विहिरीत सापडलेला, विजेचा धक्का बसलेला, संशयास्पद, सगळे आधी तिथंच येतात. कारण कळलं, असा तिचा अर्थ नाही. बातमीत ती एकटी छापली की वाचकाच्या मनात निकाल लागून जातो.

'सौम्य बळाचा वापर' यावरही माझा आक्षेप आहे. सौम्य कुणी ठरवलं? कायदा प्रतिकार मोडायला लागेल तेवढंच बळ देतो, आणि गुन्हा फाशी वा जन्मठेपेचा नसेल तर अटक करताना जीव घ्यायचा अधिकारच देत नाही. बळ किती वापरलं हे जखमांवरून ठरतं. त्या कुठं आहेत, किती जुन्या आहेत, पाठीवर आहेत की मनगटावर, हे बघावं लागतं.

मंगळवार पेठेतून: वकीलसाहेब, मी मराठी शिकवते. शब्दानंच पोलिसाला दोषी ठरवणंही बरोबर नाही. खरंच हृदयविकार असू शकतो. शवविच्छेदनाआधी 'मारहाणीत मृत्यू' छापणारेही मी पाहिलेत.

कसबा बावड्यातून: ताई, अगदी मान्य. म्हणूनच 'ताब्यातील मृत्यू'. तो कुणाला खुनी म्हणत नाही, खुलासा कुणी द्यायचा एवढंच सांगतो. बंद गाडीत काय घडलं हे मेलेला माणूस सांगू शकत नाही, आणि साक्षीदार बहुतेक वेळा त्याच ठाण्यातले असतात. ताब्यातल्या माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, अशी शिफारस विधी आयोगानं 1985 मध्ये 113 व्या अहवालात केली होती. तो कायदा आजवर झाला नाही. त्यामुळं सगळी भिस्त कागदांवर राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानं 1996 मध्ये अटकेच्या पंचनाम्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही बंधनकारक केली. त्याच न्यायालयाच्या 2020 च्या निकालानं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण शक्यतो 18 महिने, निदान वर्षभर तरी, जपायला सांगितलं. कुटुंबानं पहिल्याच दिवशी ते लेखी मागून पोच घ्यावी.

'पळून गेला' हाही शब्द तपासूनच घ्यावा. शेजारच्या सांगलीत 2017 मध्ये ताब्यातला तरुण पळाल्याचं सांगितलं गेलं; पुढं पोलिसांवरच त्याला मारून आंबोलीत जाळल्याचा गुन्हा दाखल झाला. 'छातीत दुखू लागलं' याचंही तसंच. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीतल्या मृत्यूबाबत आधी तेच सांगितलं होतं. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळं बसलेला आघात हे कारण निघालं. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. अशा याचिकेसाठी आता कोल्हापूरकरांना मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच बसतं.

राजारामपुरीतून: मग वाक्य कसं करू?

कसबा बावड्यातून: असं करा: 'पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू, मृत्यूचं कारण अद्याप स्पष्ट नाही, पोलिसांच्या म्हणण्यानुसार झटापट झाली, नातेवाइकांचा मारहाणीचा आरोप.' ताब्यात किती वाजता घेतलं आणि रुग्णालयात किती वाजता आणलं, या दोन वेळा जरूर टाका. मधला वेळ मोठा असेल तर तोही लिहा.

मंगळवार पेठेतून: आणि 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे गाळू नका. घाईत पहिल्यांदा तेच कापलं जातं.