मेट्रो स्टेशनवरच्या त्या पोराला थापड हवी होती का?

मनीषनगरवाली: काल इथे कोणीतरी लिहिलं, नागपूरच्या सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनला बारा-तेरा वर्षांचं पोरगं खाली पडून किंचाळत होतं, आई नुसती बाजूला बसून, दोन थापडा दिल्या असत्या तर गप्प झालं असतं. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, म्हणून लिहिते. तो हट्ट नव्हता, मेल्टडाऊन होता, म्हणजे सहन न होऊन स्वतःवरचा ताबाच सुटणं. हट्टी पोर मधेमधे आईकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये हातात काहीही द्या, थांबत नाही. अशा वेळी कमी बोलायचं, डोक्याखाली ओढणी सरकवायची, ओसरेपर्यंत थांबायचं. ती बाई तेच करत होती. आमचा उन्हाळ्यात स्वतःच्याच कानशिलावर बुक्के मारायचा. लाडावला म्हणाले सगळे. निघाली किडलेली दाढ. ती काढली, बुक्के थांबले. ज्याला बोलता येत नाही त्याने दाढ दुखते हे सांगावं कसं?

धंतोलीकर: पोस्ट माझीच. आम्ही पट्टी खाऊनच मोठे झालो, काऊन, बिघडलो का?

खामल्याचा बाबा: थापडेच्या मी विरोधात आहे. पण ताई, तुमचंही सगळं पटत नाही. माझाही मुलगा ऑटिस्टिक, २४ वर्षांचा आहे. रागात ढकललं तर बायकोचं मनगट मोडलं. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय मिळालं, असे तक्ते आम्हीही भरले, राग कशाने येते ते शोधायला. रात्रीची झोप मात्र रिस्पेरिडोनच्या गोळीने दिली. भूक सुटली, वजन वाढलं, तरी गोळी चालू आहे.

मनीषनगरवाली: गोळीला नावं कुठे ठेवली मी? चिडचिड, मारहाण कमी होते तिने. ऑटिझम जात नाही, एवढंच. वयाचं मान्य. माझा नऊचा आहे, मी अजून उचलू शकते. पण तक्त्यात निघालं काय?

खामल्याचा बाबा: वरातीचा डीजे. खिडकीच्या काचा थरथरतात, हा कान दाबून भिंतीवर डोकं आपटते. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, हा नियम २००० सालचा आहे. पाळते कोण?

महालवाला: झालं! आता मारबतीची मिरवणूकही बंद करा म्हणा.

खामल्याचा बाबा: मारबतीचं नाव कोणी काढलं बाप्पा? ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते हे गावाला माहीत आहे. आम्ही पोराला आदल्या दिवशीच वर्ध्याला नेतो. वरातीची तारीख कोण सांगते आम्हाला?

महालवाला: लग्न एकदाच होते भाऊ. तुमच्यासाठी लोकांनी मुक्यानं नाचायचं का?

खामल्याचा बाबा: नाचा ना! बँड लावा, ढोल लावा. ती छातीत धडकणारी स्पीकरची भिंत नको म्हणतो मी. तुमच्या घरी हार्टचा पेशंट असता तर असंच बोलले असते?

महालवाला: माझ्या वडिलांची बायपास झाली आहे. वरात आली की त्यांना मागच्या खोलीत नेतो. ठीक आहे, रात्री दहानंतर नको, इथवर तुमच्यासोबत. त्याच्या पुढे नाही.

धंतोलीकर: डीजे राहू द्या. थापड नको म्हणता, नाही म्हणत. पण स्टेशनवर मी उभा असलो तर करायचं काय?

मनीषनगरवाली: मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना हटवा. एकदाच विचारा, ‘ताई, काही लागते का?’ नाही म्हणाली, तर आपली गाडी पकडा.