मदत हवी आहे: आयएमएचं आजीव सदस्यत्व दुसऱ्या राज्यातल्या शाखेत कसं हलवायचं?

माझी पत्नी एमबीबीएस, एमडी (मेडिसिन). कर्नाटकात प्रॅक्टिस असताना तिथल्या स्थानिक शाखेमार्फत तिने इंडियन मेडिकल असोसिएशनचं आजीव सदस्यत्व घेतलं. आता आम्ही कायमचे महाराष्ट्रात आलोय आणि तिला इथल्या शाखेच्या कामात मनापासून भाग घ्यायचा आहे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी झाली आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. (कौन्सिलची नोंदणी कायद्याने सक्तीची, असोसिएशनचं सदस्यत्व ऐच्छिक, दोन्हींची गल्लत होते म्हणून आधीच सांगतो.) सदस्यत्व क्रमांक आणि प्रमाणपत्र हाताशी आहे, पैसे भरल्याची पावती मात्र सापडत नाही.

जुन्या शाखेला ईमेल केला, उत्तर आलेलं नाही. तिथले पदाधिकारी बदललेत, त्यामुळे ओळखीचं कुणी नाही. इथल्या शाखेत विचारलं तर एकाने ना-हरकत पत्र आणा म्हटलं, दुसऱ्याने सरळ अर्ज करा म्हटलं. नव्याने सदस्यत्व घेऊन पुन्हा पूर्ण शुल्क भरायची तयारी नाही, कारण जुना क्रमांक तिला कायम ठेवायचा आहे.

अलीकडे कुणी राज्य बदलून सदस्यत्व हलवलं असेल तर सांगा: जुन्या शाखेचं ना-हरकत पत्र लागलंच का, आणि ती शाखा उत्तर देत नसेल तर अर्ज तिथल्या राज्य शाखेकडे करायचा की थेट दिल्लीच्या मुख्यालयाकडे?