नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वाइनरीच्या आधी कोण कोण होतं?

घोडबंदरकर:
मंडळी, दर हिवाळ्यात आमची नाशिक ट्रिप ठरलेली, पहाटे ठाण्याहून निघायचं, कसाऱ्याला वडापाव, मग वाइनरीत फोटो आणि रात्री घरी. यावेळी गाइडने सगळं गेल्या 25-30 वर्षांतलंच सांगितलं, जणू त्याआधी तिथे कोणी राहतच नव्हतं. पंचवटी, पेशवे माहितीये, मला छोट्या वस्त्या, छोटे समाज यांचं ऐकायचंय. कुणाला काही ठाऊक?

नेरूळचे_काका:
शरणपूर रोडवरून गेला असशीलच. शरणपूर हे मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. ब्रिटिश आरमार समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातली आफ्रिकन पोरं मुंबईत उतरवायचे, त्यातली बरीच इथे आणून सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. 'नासिक बॉईज' म्हणायचे त्यांना. त्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिका धुंडाळणारा प्रसिद्ध मिशनरी लिव्हिंग्स्टन 1873 ला तिथेच वारला, त्याचं काळीज जिथे पुरलं तिथल्या झाडावर नाव कोरलं ते याने, मग सोबत्यांनी देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला आणला, बोटीतून इंग्लंडपर्यंत सोबत हाच आणि 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये दफनाच्या वेळी खांदेकऱ्यांतही हा होता!!

घोडबंदरकर:
बापरे. आम्ही त्या रोडवर फक्त पार्किंग शोधलंय. मग ती माणसं गेली कुठे?

नेरूळचे_काका:
बरीचशी 1874-75 च्या सुमारास आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ फ्रिअरटाउनला गेली, सुटलेल्या गुलामांची नवी वस्ती, नाव बार्टल फ्रिअरचं, म्हणजे मुंबईचा माजी गव्हर्नर. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायचे. शिकले नाशकात आणि नाव मुंबईचं, आपलं नेहमीचंच 😄

निफाडची_लेक:
काका भारीच. पण आत्ताचे पण बघा ना, मी ऐरोलीत असते पण माहेर निफाडचं, ऑक्टोबर छाटणी आली की पेठ-सुरगाण्याहून कोकणा, महादेव कोळी या आदिवासी लोकांच्या टोळ्या येतात, नवराबायको, कडेवर पोर, बागेतच पाल टाकून राहतात. छाटणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) सगळं तेच करतात आणि सगळ्यात किचकट म्हणजे विरळणी, मांडवाखाली दिवसभर मान वर करून बारीक कात्रीने घडातला एकेक मणी काढायचा. मी एकदा हौसेने गेले होते, अर्ध्या तासात मान धरली. वाशी मार्केटात पेटीतले मणी एका मापाचे दिसतात ते असे होतात.

घोडबंदरकर:
विरळणी कधी असते? तेव्हाच येतो यंदा.

निफाडची_लेक:
डिसेंबरात ये. सकाळी लवकर, आणि पांढरा शर्ट नको.